टाकलेली खुर्ची

लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, घरी कोणी येतं-जातं का?" आणि काकांनी सवयीप्रमाणे ठोकून दिलं, "येतात की! आत्ताच दोघं बसून गेले."

"बसून? कशावर? घरात एकच तर खुर्ची उरलीये."

"एक जण उभा होता," काका म्हणाले.

"जपा हं, बाबा" म्हणून लेकीने फोन ठेवला. काका हातातल्या फोनकडे बघत बसले. आपलं खोटं पकडलं गेलंय आणि तरी पोरीने ते चालवून घेतलंय, याचं त्यांना फार वाईट वाटलं. बायको गेल्यावर सोफा आणि चांगल्या चार खुर्च्या त्यांनी स्वतःच देऊन टाकल्या होत्या. संध्याकाळ झाली की तो रिकामा सोफा खायला उठायचा. आता घरात एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची आणि काका एवढंच सामान होतं.

इमारतीत त्यांना ऱ्हस्वदीर्घकाका म्हणत, अर्थात पाठीमागे. हे टोपणनाव कोणी कधी लिहून काढलं नव्हतं, कारण त्यातही चूक व्हायची भीती होती. काकांनी सारा जन्म एका छापखान्यात प्रुफं तपासली होती आणि निवृत्त झाल्यावर हातातलं लाल पेन खाली ठेवायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. तळमजल्यावरच्या टेलरमामांनी 'येथे कपडे शिऊन मिळतील' अशी पाटी लावली. काकांनी दुसऱ्याच दिवशी त्यातला ऊ खोडला, खाली काकपदाची, म्हणजे अक्षर घालायची, खूण केली आणि वर 'वू' लिहून टाकला. लोक म्हणायला लागले, काकांना कुठलंच पद मिळालं नाही म्हणून हे काकपद वाटत फिरतात.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं होतं. पण काकू गेल्या तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या सिस्टरांनी खाली फळ्यावर मोठ्या मायेने चार ओळी लिहिल्या. त्यांतल्या 'श्रद्धांजली'त त्यांचा घोटाळा झाला. काका जिना उतरून आले, फळ्यासमोर उभं राहून त्यांनी सगळं वाचलं, डोळे पुसले, ते जोडाक्षर दुरुस्त केलं आणि वर निघून गेले. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी काही लिहायची कोणाची छाती झाली नाही. हळूहळू लोक बोलायलाही कचरू लागले. काकांना वाटायचं, जग तुटक झालंय. जगाला वाटायचं, बोलावं तर हे व्याकरण काढतील.

काका राहायचे तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. भाजीची पिशवी घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यापुढच्या वळणावर त्यांच्या छातीचा भाता व्हायचा. मग ते तिथल्या विजेच्या मीटरांकडे तोंड करून उभे राहायचे आणि आकडे वाचत असल्यासारखं दाखवायचे. सिस्टरांची नोकरी दवाखान्यातली. माणूस मीटर वाचतोय की धापा टाकतोय, हे त्यांना पाठीवरून कळायचं.

तर फोन झाला त्याच सकाळी काका पिशवी घेऊन चढत होते आणि सिस्टर ड्यूटीवर जायच्या घाईत धडाधडा उतरत होत्या. त्या न थांबता ओरडल्या, "काका, वर वळणावर खुर्ची टाकलीये बरं का! अजिबात लाजू नका!"

"टाकलीये?" काका म्हणाले.

"हो, टाकली! माझ्याकडे नुसती पडूनच होती," असं म्हणेपर्यंत सिस्टर फाटकाबाहेर गेल्यासुद्धा.

वळणावर खरंच खुर्ची होती. एक हात खिळखिळा झालेला, पाठीची पट्टी तडकलेली, बसायच्या जागची वेताची वीण मधोमध फुटलेली. पॉलिश ठिकठिकाणी उडालेलं. फाटक्या विणीवर फळी आडवी ठेवून वर जुनी चादर घडी करून घातली होती. काकांनी मनात म्हटलं, चादरही टाकली वाटतं. पण नखाने खरवडून बघितलं तर आत लाकूड अस्सल होतं. एवढी चांगली खुर्ची टाकून द्यायची म्हणजे काय! काकांना चूक दिसली की हात शिवशिवत, आणि ही खुर्ची म्हणजे पायापासून माथ्यापर्यंत चुकाच चुका होती. शिवाय सकाळपासून त्यांच्या मनात लेकीचं ते 'कशावर' घोळत होतं.

फक्त ते 'लाजू नका' त्यांना बोचलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाने दुसऱ्यांनी टाकलेलं उचलायचं, म्हणजे लाज वाटणारच. म्हणून ते दुपारपर्यंत थांबले. सगळी इमारत जेवून आडवी झाली, खाली वॉचमनचा गाल टेबलावर टेकला, तेव्हा काका चोरपावलांनी उतरले आणि खुर्ची उचलून घरात घेऊन आले.

पुढचे काही दिवस काकांना दिवस पुरेना. त्यांनी खुर्चीचं आधी रीतसर प्रूफ काढलं. म्हणजे लाल पेन्सिल घेऊन जिथे सांधा सुटला होता तिथे 'जोडा'ची खूण केली, जिथे रंगाचे पोपडे होते तिथे 'काढा'ची, आणि मागचा एक पाय वाकडा बसला होता तिथे 'सरळ करा'ची. मग सांधे ठोकून सुटे केले, जुना सरस खरवडला, नवा भरला. सांधे दाबून धरायला शिकंजा नव्हता, तर दोरी गुंडाळून तिच्यात लाटणं अडकवलं आणि पीळ दिला. वरून वजन म्हणून शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड ठेवले. वेत विणणं काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते टेलरमामांकडून रुंद सुती पट्टी घेऊन आले.

"एवढी पट्टी कशाला हो काका?" टेलरमामांनी विचारलं.

"लागते," काका म्हणाले.

टेलरमामांनी पुढे विचारलं नाही. काकांना वाटत होतं त्यांनी विचारावं.

खुर्ची उभी राहिली, पॉलिशचा पहिला हात बसला, आणि काकांनी ती आपल्या खुर्चीसमोर मांडली. चहा करून आणला आणि तिच्याकडे बघत प्यायले. लाकडाच्या रेषा काय सुंदर उठल्या होत्या! हे कोणाला तरी दाखवावं असं वाटलं आणि तिथेच गाडी अडली. घरात खुर्ची एक असली की ती आपली असते. दोन झाल्या की दुसरी कोणाची तरी असते, आणि ते कोणीतरी येत नसतं. काकांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

इकडे खाली वेगळाच गोंधळ चालला होता. सिस्टरांनी खुर्ची काकांना दम खायला म्हणून मांडली होती आणि ती त्याच दुपारी नाहीशी झाली होती. त्यांनी वॉचमनला धारेवर धरलं.

"मी डोळासुद्धा मिटला नाही हो सिस्टर," वॉचमन म्हणाला. त्याच्या गालावर टेबलाच्या कडेचा वळ स्पष्ट उमटला होता.

"काकांना काही सांगू नका," सिस्टर टेलरमामांना म्हणाल्या. "एकटा माणूस. चोर म्हटलं की झोप उडायची त्यांची. आपण गुपचूप दुसरी टाकू." टेलरमामांनी दुकानातली पाठ मोडलेली खुर्ची दिली आणि ती वळणावर जाऊन उभी राहिली. सिस्टरांनी संध्याकाळी काकांना जिन्यात गाठलं.

"काका, दुसरी टाकलीये. टेलरमामांची आहे. वापराल ना?"

काका हरखले. "वापरीन की! आणखी असतील तरी चालतील."

"आणखी?" सिस्टर हसल्या. "एका माणसाला किती लागतात?"

"नाही म्हणजे..." काका पिशवीचे बंद चाचपत म्हणाले, "कधी कोणी आलं-गेलं तर."

सिस्टरांना एकदम भरून आलं. त्या खाली जाऊन टेलरमामांना म्हणाल्या, "ऐकलंत का? काका म्हणतायत आणखी टाका, कोणी आलं-गेलं तर. त्यांना तिथे बसून गप्पा मारायच्यात हो! आणि आपण त्यांना घाबरून लांब पळतो." टेलरमामांनाही आपल्या पाटीचा राग इतकी वर्षं धरल्याचं वाईट वाटलं. आता रोज संध्याकाळी वळणावर बसायचं, असं दोघांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खुर्चीही गेली.

मग मात्र सिस्टरांचा पारा चढला. दुसऱ्या मजल्यावर माणसं जमली, आवाज वाढले. वर काका नव्या खुर्चीच्या पाठीला पॉलिशपेपर मारत होते. त्यांनी कान टवकारले. बरीच मंडळी जमलेली दिसत होती. कोणाचा वाढदिवस वगैरे असावा. काकांनी हात धुतले, इस्त्रीचा सदरा घातला, भांग पाडला आणि दाराच्या आतल्या बाजूला कडीवर हात ठेवून उभे राहिले. बेल वाजली की लगेच उघडायला नको, जरा थांबून उघडायचं, असंही त्यांनी ठरवलं.

बाहेरून सिस्टरांचा आवाज आला, "शू! हळू बोला ना. वर काका आहेत."

आवाज एकदम खाली आले, पावलं पांगली. काका आणखी थोडा वेळ कडीवर हात ठेवून उभे राहिले. मग सदरा काढून परत घडी करून ठेवला आणि पॉलिशपेपर हातात घेतला. त्या खुर्चीची पाठ त्यांनी इतकी घासली की ती काचेसारखी गुळगुळीत झाली.

सिस्टर गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्या दवाखान्यात रोग्यांना बसायचा एक जुना बाक भंगारात निघाला होता. तो चार माणसांनी घामाघूम होत वळणावर आणून ठेवला. सिस्टर कमरेवर हात ठेवून, चोर जिथे कुठे असेल तिथे त्याला ऐकू जावं अशा आवाजात गरजल्या, "आता बाकच टाकलाय! बघू कोण नेतो!"

चोराला ते तिसऱ्या मजल्यावर नीट ऐकू गेलं. काका विचारात पडले. बाई उदार आहेत, पण हे आपल्याला झेपणार नाही असं त्यांना वाटतंय. बाकावर तिघं सहज बसतील. तिघं घरात बसलेली आहेत आणि आपण चहा आणतोय, हे चित्र काकांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी पाना आणि पेचकस शोधून ठेवला.

दुपारी त्यांनी बाकाचे बोल्ट सोडवले. आधी पाय नेले, मग पाठीच्या पट्ट्या नेल्या. हात भरलेले असल्यामुळे दार उघडंच ठेवलं. शेवटी राहिली बसायची फळी. ती लांबलचक आणि जडशीळ होती. काकांनी ती काखेत मारली, चार पायऱ्या चढले आणि फळीचं एक टोक कठड्यात, दुसरं भिंतीच्या कोपऱ्यात असं काही अडकलं की फळी पुढेही जाईना आणि मागेही येईना. काकांचा श्वास घशाशी आला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. इथे बसायला कोणी काही ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. शेवटी ते फळीला मिठी मारून पायरीवरच बसले.

तेवढ्यात सिस्टर ड्यूटीवरून आल्या.

"अगं बाई! काका! पळाला का तो?"

काकांच्या तोंडून शब्द फुटेना. जरा दम खाऊ द्या, हे सांगायला त्यांनी हात वर केला.

"गच्चीवर!" सिस्टर किंचाळल्या. "टेलरमामा, वॉचमन, धावा! चोर गच्चीवर गेला! काकांनी त्याच्या हातून फळी हिसकावलीये!"

टेलरमामा कापड कापायची कात्री घेऊन आणि वॉचमन अर्ध्या झोपेत, असे दोघं काकांच्या अंगावरून उड्या मारत वर धावले. गच्चीत कबुतरांखेरीज कोणी नव्हतं. "उडी मारली असणार," वॉचमनने खाली येऊन ठामपणे सांगितलं. "मी सावली बघितली."

दारं उघडली, माणसं जमली. कोणी पाणी आणलं, कोणी वर्तमानपत्राने वारा घालू लागलं. "एकट्याने अडवलं हो!" "या वयात!" "मानलं काकांना!" सिस्टर पायरीवर शेजारी बसून त्यांची नाडी बघत होत्या. आपल्या मनगटाला कोणाचा हात लागून किती दिवस झाले, हे काकांना आठवेना. खरं काय ते सांगायला हवं होतं. पण सांगितलं की तो हात सुटणार, म्हणून ते आणखी थोडा वेळ धापा टाकत राहिले.

"कशाला हो जीव धोक्यात घातलात?" सिस्टर म्हणाल्या. "गेला असता बाक तर गेला असता. तुमच्यासाठीच तर टाकत होतो सगळं."

"माझ्यासाठी?"

"मग काय! चढताना दम लागतो ना तुम्हाला. म्हणून बसायला खुर्ची टाकली. ती चोरली, तर दुसरी टाकली. तुम्हीच म्हणालात ना, आणखी टाका, कोणी आलं-गेलं तर? आम्ही रोज येणार होतो की इथे गप्पा मारायला."

काकांची धाप थांबली. कानशिलं गरम झाली. टाकणे. खुर्ची टाकणे, सतरंजी टाकणे, बाक टाकणे. हा शब्द त्यांच्या नजरेखालून आयुष्यात किती वेळा गेला होता! त्याच्या अर्थांनी शब्दकोशात अख्खं पान भरलेलं होतं, आणि तो शब्दकोश त्यांनी खुर्चीवर वजन म्हणून ठेवला होता.

"चला, तुम्हाला घरी सोडते," सिस्टर उठल्या.

"नको, नको! मी जाईन. मी अगदी ठणठणीत आहे," काका घाईने उभे राहिले आणि झोकांडी जाऊन परत बसले.

"काही ऐकणार नाही मी. मामा, धरा तिकडून."

दोघांनी त्यांना बगलेत हात घालून वर नेलं. दार सताड उघडं होतं. आत दोन खुर्च्या समोरासमोर उभ्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या चकाकत. भिंतीशी बाकाचे पाय आणि पट्ट्या ओळीने लावून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येकीवर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या.

टेलरमामांनी वाकून खुर्चीची बैठक चाचपली. "ही माझ्याकडची पट्टी," ते हळूच म्हणाले.

"काका," सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही?"

"तुम्ही म्हणालात टाकलीये," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

"टाकलीये म्हणजे टाकलीये! बसायला!"

"मला वाटलं टाकलीये म्हणजे टाकलीये. भंगारात."

मग टेलरमामांच्या पोटातून आधी बारीक आवाज आला आणि तो वाढत वाढत गेला. ते भिंतीला धरून हसू लागले. "अहो, शिऊन आणि शिवून यांतला फरक कळतो," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि एवढं नाही कळलं!" सिस्टरांनी रागावून बघायचा प्रयत्न केला, पण त्यांनाही हसू आवरेना. हसताना त्या कोलमडतील की काय असं वाटलं. काकाही हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्यांना ठसका लागला.

हसू ओसरलं. सिस्टरांनी पदर सावरला. "बरं, झालं ते झालं. मामा, एक तुम्ही घ्या, एक मी घेते. या खाली वळणावर नेऊन ठेवू. बाक उद्या जोडता येईल."

काकांनी घराकडे एकदा नजर फिरवली. या खुर्च्या गेल्या की परत तो पलंग, ते टेबल आणि ती एक खुर्ची. ही दोघं जिना उतरणार आणि दार लावलं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज सुरू होणार. काकांना ते सहन होईना.

"न्या की," ते म्हणाले. "पण आधी एकदा बसून तर बघा. डुगडुगतायत का ते तरी कळेल. मला एकट्याला दोन्हीवर कसं बसता येणार?"

हे सिस्टरांना पटलं. त्या एका खुर्चीवर टेकल्या, टेलरमामा दुसरीवर. "अहो, काय मस्त झालीये!" टेलरमामा पाठ रेलून म्हणाले. "जरासुद्धा हलत नाही." काका आपल्या जुन्या खुर्चीवर त्यांच्या समोर बसले. मग सिस्टरांनी दवाखान्यातल्या एका चक्रम रोग्याची गोष्ट काढली. टेलरमामांनी एका गिऱ्हाइकाची काढली, जो दर वेळी ढेरी आत ओढून माप द्यायचा. काकांनी छापखान्यातली एक सांगितली, आणि ती इतकी रंगली की सिस्टरांनी 'मग? मग पुढे?' असं दोनदा विचारलं.

पॉलिशचा शेवटचा हात काकांनी त्याच सकाळी दिला होता. डब्यावर सूचना होती की पूर्ण वाळल्याशिवाय बसु नये. त्या 'बसु'चा उकार त्यांनी स्वतःच दीर्घ करून ठेवला होता, त्यामुळे आपण ती वाचली नव्हती असं म्हणायची सोय त्यांना उरली नव्हती.

"चला, स्वयंपाकाचं बघायला हवं," म्हणत सिस्टर उठू लागल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. "अगं बाई, हे काय? कशाने तरी धरून ठेवलंय मला!"

टेलरमामांनीही उठून बघितलं. त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली.

"अहो, ओढू नका!" काका कळवळून म्हणाले. "कापड फाटेल. आहात तसेच बसा."

"पण किती वेळ?"

"घाई नाही," काका म्हणाले, आणि तिघांच्या चहाचं आधण ठेवायला आत गेले.